हवा आपोआप खेळती राहील

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात असताना माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून. कोणाला दाखवायची नाही. (अक्षर मात्र सुवाच्य ठेवायचं. पुढेमागे कोणाच्या हाती लागलीच तर त्याचे हाल नकोत.)

हॉस्पिटलची नवी इमारत, मी डिझाइन केलेली, दहा दिवसांत सुरू. चाळीस खाटा, दोन मजले. ऑपरेशन थिएटर सोडलं तर कुठे एसी नाही. पंखासुद्धा नाही. हवेसाठी वीज शून्य. बाहेरची हवा खालच्या झरोक्यांतून आत येणार, गरम होऊन वर चढणार आणि छतावरच्या उंच धुराड्यातून निघून जाणार. हवा आपोआप खेळती राहील. भिंती मातीच्या विटांच्या, सिमेंट नावापुरतं. दिवे माणूस हलला की लागणार, सात मिनिटं काही हललं नाही की बंद.

हॉस्पिटलचा वायरमन आज सेन्सरखाली बराच वेळ उभा होता. तीस वर्षं इथेच आहे. म्हणाला, साहेब, पेशंट हलतो कुठे, तो पडलेला असतो. मी सांगितलं, सेन्सर इम्पोर्टेड आहे. मग म्हणे, संडासात तरी साधं बटण ठेवा, आत खिडकी नाही. माणूस अनुभवी. दृष्टी नाही.

संकल्प: इमारतीला रोज दोन भेटी, सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा. रोज मीटर रीडिंग. चहात साखर बंद.

१२ फेब्रुवारी
उद्घाटन. डायरेक्टरांनी पाच मिनिटं दिली होती, मी पन्नास बोललो. कोणी उठलं नाही. (दारं मागच्या बाजूला होती आणि मी ती लावून घेतली होती. वाऱ्याचा झोत टाळण्यासाठी.)

आई पहिल्या रांगेत. शेजारच्या जुन्या इमारतीत तिने एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. कार्यक्रमानंतर विचारलं, कशी वाटली? ती मान वर करून खूप वेळ छताकडे पाहत राहिली. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, पंखे नंतर बसवणार का रे?

हसलो. जुन्या पिढीला शून्याची किंमत कळत नाही.

साखर उद्यापासून.

१ मार्च, संध्याकाळ
आजचा दिवस विसरणार नाही. सहाच्या भेटीला वरच्या वॉर्डात शिरलो, तर सगळा वॉर्ड माझ्याकडे बघून हात हलवत होता. म्हातारे, बायका, एका हाताला सलाईन असलेले दुसऱ्या हाताने. मीही हात हलवला. भरून आलं. इतक्या वर्षांत कोणत्या क्लायंटने माझ्याकडे बघून हात हलवलाय? हलवला असेल तर तो जा म्हणून.

९ मार्च
ते हात दिव्यासाठी हलवतात, असं मेट्रन म्हणते. सात मिनिटांनी अंधार होतो, मग ज्याच्यात जीव असेल तो हात हलवतो. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या एकाला शेजाऱ्यावर अवलंबून राहावं लागतं आणि शेजारी झोपाळू आहे.

मी विचार केला. हालचाल ही रुग्णाला चांगलीच असते. पुढेमागे एखाद्या पुरस्काराच्या अर्जात मुद्दा घालता येईल: प्रकाशयोजनेतूनच व्यायाम.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत फिजिक्स शिकवते. म्हणाली, आणि जो हलूच शकत नाही तो? मी म्हटलं, त्याला दिवा कशाला. ती वह्या तपासायला उठून गेली. तिला उत्तर सुचलं नाही की ती अशीच उठून जाते. हल्ली बरेचदा.

२४ मार्च
ऊन वाढलं. वॉर्डात दुपारी अडतीस. हा आकडा फसवा आहे. अंगाला जाणवणारं तापमान वेगळं असतं आणि ते मी एकतीस धरलं आहे.

धुराडं तात्पुरतं उलटं चालतंय. हवा वर जाण्याऐवजी वरून खाली येते, आणि मागेच लाँड्री असल्यामुळे उकळत्या चादरींचा वास घेऊन येते. चूक धुराड्याची नाही. वारा चुकीच्या दिशेने वाहतोय. थोडी कळ काढली पाहिजे.

मेट्रन पंखे मागते. छताला पंखे लावले की छताची रेषा मेली. नाही म्हणून सांगितलं. नातेवाईक घरून टेबलफॅन आणायला लागलेत. सिक्युरिटीला सांगून बारा जप्त केले. एक बाई नवऱ्याला एक्स-रेच्या फिल्मने वारा घालत होती. शून्य वीज, शून्य कार्बन, आणि शिवाय नात्यातला ओलावा. फोटो काढला. ती फोटोत हसली नाही, ते क्रॉप करता येईल.

३१ मार्च
वायरमनने कागद आणून दिला. म्हणाला, जुन्या इमारतीचं मीटर आणि नव्याचं मीटर, खाटेमागे काढलंय, एकदा बघा. त्याच्या हिशेबाने जुन्या वॉर्डांना खाटेमागे आपल्या निम्मीच वीज लागते. उंच खिडक्या, चारी बाजूंनी व्हरांडा, छताला पंखे. आपल्याकडे म्हणे नुसते सेन्सर, कंट्रोल पॅनल आणि झरोक्यांच्या मोटारीच रात्रंदिवस वीज खातात.

जुनी इमारत कोणी डिझाइनच केलेली नाही. कोण्या ओव्हरसियरने बांधली. तिची तुलना करणं म्हणजे आजीच्या काढ्याची फार्मसीशी तुलना.

कागदाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर स्केच केलं.

८ एप्रिल
पुरस्काराची घोषणा. आरोग्य इमारतींसाठी, कमीत कमी ऊर्जा वापराबद्दल. लागणार काय: मीटरचे आकडे, फोटो, समाधानी रुग्णांचे अभिप्राय. परीक्षक मेच्या मध्यावर येणार. डायरेक्टर पहिल्यांदा स्वतःहून माझ्याशी बोलले. म्हणाले, हा मिळाला तर हॉस्पिटलला परदेशी मदतीचं दार उघडेल. मी म्हटलं, मिळाला तर असं म्हणू नका.

समाधानी रुग्ण जरा कमी पडतात. आत्तापर्यंत एक. त्याला ऐकू येत नाही.

मग सुचलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबतंय. तिला इथेच ॲडमिट करायचं. आर्किटेक्टची स्वतःची आई. आणि निवृत्त नर्स. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?

९ एप्रिल
बायको म्हणाली, त्या आई आहेत, ब्रोशर नाही. ताईचाही फोन आला, बायकोनेच करायला लावला असणार. ताई म्हणाली, ऑपरेशन जुन्या इमारतीत कर नाहीतर पाऊस पडेपर्यंत थांब. डायरेक्टरसुद्धा म्हणाले, जुन्या इमारतीत एक खोली आहे. माझ्याविरुद्ध इतक्या लोकांचं एकमत होतं तेव्हा मी बरोबर असतो, असा अनुभव आहे.

आईला विचारलं. म्हणाली, तुला बरं वाटत असेल तर तसं.

म्हणजे तिची इच्छा आहे.

१६ एप्रिल
ऑपरेशन छान झालं. खाट नंबर अकरा, झरोक्याजवळची, मी स्वतः निवडली. आईचा चेहरा लाल दिसत होता. रक्ताभिसरण उत्तम. फोटो काढला. गरम होतंय का विचारलं तर म्हणाली, नाही रे, फार छान आहे. मेट्रन तिथेच उभी होती, तिने खिडकीबाहेर पाहिलं. ही मेट्रन एकेकाळी आईच्या हाताखाली शिकली. आईला अजून सिस्टर म्हणते आणि माझ्याशी बोलताना माझ्या कानामागे कुठेतरी बघून बोलते.

२१ एप्रिल
मीटर. मीटर!

परवापर्यंत दिवसाला दीडशेच्या आसपास होतं. काल नव्वद. आज पंचावन्न. तीन वेळा चष्मा पुसून पाहिलं. वायरमनला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, हो साहेब, कमी झालंय. बस, एवढंच. मत्सर माणसाला मुका करतो.

माझी थिअरी: इमारतीला श्वास घ्यायला शिकायला वेळ लागतो. मूल कसं दोन महिन्यांनी मान धरतं, तसं. परीक्षकांपुढे हे वाक्य वापरायचं.

आनंदात चहात दोन चमचे साखर घातली. अपवाद.

२६ एप्रिल
रोज पन्नासच्या खाली. सकाळी दहाला जातो, रुग्ण आपापल्या जागी शांत. सहाला जातो, तेव्हाही. चादरींना सुरकुती नाही. वॉर्डबॉय मात्र घामाघूम आणि धापा टाकत असतात. तब्येती राहिल्या नाहीत हल्ली.

आईचा रंग एकदम सुधारला. चेहरा थंड, डोळे तरतरीत. वॉकर धरून दहा पावलं चालून दाखवली. म्हणाली, पुढच्या आठवड्यात घरी येईन, तुझ्यासाठी काहीतरी गोड करेन. हे सगळं माझ्या वॉर्डात. सगळं लिहून ठेवलं, तारखेसह.

२९ एप्रिल
सहाच्या भेटीला गेलो तर खाट रिकामी.

आई संडासात पडली. सहाला दहा मिनिटं कमी असताना. आत बसली होती, दिवा गेला. हात वर करून हलवला असं म्हणते, पण सेन्सर दारावर आहे, बसलेल्या माणसाचा हात तिथवर दिसत नाही. दोनदा हाक मारली. मग अंधारात भिंत धरून उठायला गेली. खुब्याचं हाड मोडलं.

३० एप्रिल
आज काही लिहिण्यासारखं नाही.

१ मे
दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, या वयात एकाच पायावर दोनदा, बघू. बघू हा शब्द डॉक्टरांनी वापरू नये.

मेट्रनने अपघाताचा रिपोर्ट दिला. मी मागितला नव्हता. ती म्हणाली, वाचा, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

रिपोर्टमध्ये असं आहे. एकोणीस तारखेपासून वॉर्डातले सगळे रुग्ण रोज साडेदहाला, म्हणजे मी गेलो की, जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात नेले जातात आणि मागे वॉर्डाचा मेन स्विच बंद केला जातो. संध्याकाळी साडेपाचला परत आणून मांडले जातात, आणि मी सहाची भेट आटोपून गेलो की पुन्हा तिकडे, ते थेट सकाळी पावणेदहापर्यंत. डायरेक्टरांना माहीत होतं. पुरस्कार होईपर्यंत आर्किटेक्टना कळवू नये, अशी त्यांचीच तोंडी सूचना. आईला व्हरांड्यातच ठेवायचं ठरलं होतं, कारण तिला हलवणं बरं नव्हतं. खाली तिचं म्हणणं लिहिलंय, मेट्रनच्या अक्षरात: सिस्टर म्हणाल्या, मला रोज नेऊन अकरा नंबरवर ठेवा, तो येईल आणि मी तिथे दिसले नाही तर त्याला वाईट वाटेल.

दोनदा वाचलं.

मग जरा शांतपणे विचार केला. म्हणजे आई दिवसाकाठी नव्या इमारतीत जेमतेम दीड तास होती. एवढ्या छोट्या सॅम्पलवरून इमारतीला दोष देणं शास्त्रीय नाही. पडली ती व्हरांड्याच्या सवयीमुळे. तिथे उजेड फार आहे, माणूस बेसावध होतो.

बायकोला हे सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, एक सांग, तुला आई हवी होती की अकरा नंबर भरलेला हवा होता? आज वह्या नव्हत्या, तरी उठून गेली.

३ मे
वायरमनने संडासात साधं बटण बसवलं. न विचारता. मी लेखी मेमो तयार केला. द्यायला गेलो तेव्हा तो शिडीवर होता, खाली उतरलाच नाही. शेवटी मेमो शिडीच्या पायरीवर ठेवून आलो.

७ मे
अभिप्रायाचा फॉर्म राहिला होता. उद्या शेवटची तारीख. आईकडे घेऊन गेलो. ती जुन्या इमारतीत आहे आता, दिवसरात्र. पायाला वजन बांधलेलं, त्यामुळे कुशीवर वळता येत नाही. तिला लिहायचा त्रास नको म्हणून मीच सगळं भरून नेलं होतं. हवा: उत्तम. प्रकाश: उत्तम. पुन्हा इथे यायला आवडेल का: अवश्य.

तिने वाचायला चष्मा मागितला. मी म्हटलं, वाचायचं काही नाही. तिने सही केली. सही लांबट आली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. ताई तिथेच खुर्चीत बसून होती. तिने फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं, आणि आईच्या हातातून पेन काढून घेतलं. इतक्या हळू, की मला वाटलं मदतच करतेय.

१५ मे
परीक्षक आले. तिघे. नव्या इमारतीच्या दारात आठ-नऊ मिनिटं थांबले. एकाने रुमालाने मान पुसली आणि विचारलं, आकडे कुठे बसून पाहता येतील? जुन्या इमारतीत डायरेक्टरांच्या एसी केबिनमध्ये बसून पाहिले. मी श्वास शिकणाऱ्या मुलाचं वाक्य म्हटलं. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

वॉर्ड पाहायला कोणी आलं नाही. रुग्ण तिकडून आणून मांडलेले होते. फुकट दमले.

मला आता सगळं माहीत आहे हे डायरेक्टरांना माहीत आहे. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. हे आमच्यातलं प्रोफेशनल नातं.

२ जून
मिळाला.

वापरात असलेल्या आरोग्य इमारतींत सर्वांत कमी ऊर्जा. डायरेक्टरांनी स्वीकारला. मला स्टेजवर बोलावणार होते, वेळ कमी पडला. स्मरणिकेत माझं नाव पान नऊवर, छपाईत एक काना गळलाय. पण मधल्या दोन पानांवर आईचा मोठा फोटो. सोळा एप्रिलचा, लाल चेहऱ्याचा. खाली छापलंय: एक समाधानी रुग्ण, आणि आर्किटेक्टची आई.

घरी आलो तर कुलूप. बायको ताईकडे. आईला उद्या डिस्चार्ज.

३ जून
आईला आमच्या घरी आणता येणार नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. बिल्डिंगने दोनदा लिफ्टचा ठराव आणला, दोन्ही वेळा मी विरोध केला होता, ऊर्जेच्या मुद्द्यावर. दुसऱ्यांदा तर एकटाच होतो. बायकोने फोनवर याची आठवण करून दिली नाही. ती फक्त म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय त्या आता चालणार नाहीत. आणि म्हणाली, मी काही दिवस इथेच राहते, त्यांना उचलायला दोन माणसं लागतात.

काही दिवस म्हणजे किती, विचारलं. फोन कट झाला. तिकडे नेटवर्क बरं नसावं.

११ जून
हॉस्पिटलचं पत्र. नवी इमारत रुग्णांसाठी अधिकृतपणे बंद. आता तिथे जुने केसपेपर ठेवणार. पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं, कागदांना अंधारच लागतो आणि ते हलतही नाहीत. सेन्सर एकदाचे योग्य हाती पडले. फक्त मेट्रनची एक शंका आहे म्हणे, मातीच्या भिंतींना वाळवी लागलीय आणि ती कागदांत उतरेल.

नवं काम नाही. चौकशीचा एकही फोन नाही. पुरस्कारानंतर लोक जरा बिचकतात.

१९ जून
ताईकडे गेलो. न कळवता, कारण कळवलं की काहीतरी अडचण निघते. मागच्या दोन रविवारी आई झोपलेली होती. स्मरणिका घेऊन गेलो होतो. आईने अजून पाहिली नसेल असं वाटलं.

दार ताईने उघडलं. पूर्ण नाही, साखळीएवढं. मी म्हटलं, आई जागी आहे का? आतून आईचा आवाज आला. बारीक झालाय, पण तिचाच. कोण आलंय गं?

ताईने माझ्या हातातल्या स्मरणिकेकडे पाहिलं. मग मान न वळवता आत सांगितलं, कोणी नाही आई, मीटरवाला आहे.

आई म्हणाली, उन्हाचा आलाय बिचारा, पाणी दे त्याला.

ताईने पाणी आणून दिलं. फ्रिजमधलं होतं. मी दारातच उभं राहून प्यायलो. आत बायको आईला काहीतरी वाचून दाखवत होती, तिचा शाळेतला आवाज ऐकू येत होता, आणि त्यामागे एसीची घरघर. ताईने ग्लास परत घेतला आणि दार लावलं. आपटलं नाही.

जिन्याखाली मीटरची पेटी होती. ताईचा आकडा सापडायला वेळ लागला. भराभर पुढे सरकत होता. तो आईच्या खोलीतला गारवा. मी एकेक युनिट पडताना बघत राहिलो. किती वेळ कोण जाणे. वॉचमन येऊन म्हणाला, कोणाकडे आलात?

म्हणालो, कोणाकडे नाही. मीटर बघायला.

तो म्हणाला, मग बघून झालं असेल तर निघा.